शिलालेखापासून संगणकापर्यंत : तमिळभूमीतील मराठी निरोपाची वाटचाल

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणत्या वर्षी कोण अध्यक्ष होते, कोणती नाटके झाली, गणेशोत्सवास वर्गणी किती जमली, याची नोंद व्हावी हे योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका निराळ्या गोष्टीचा इतिहास मांडू इच्छितो. मुंबईपासून रेल्वेमार्गाने सुमारे १३०० किलोमीटरांवर राहणारे मराठी कुटुंब आपल्या माणसांशी बोलत कसे राहिले, त्याची साधने कशी बदलली, आणि साधनांबरोबर त्याचे नित्याचे जीवन कसे बदलत गेले, हा तो विषय होय. आज संगणक आणि भ्रमणध्वनी घराघरांत आहेत. मनुष्याप्रमाणे वाक्ये रचणारी यंत्रेही त्यांच्यामागोमाग येऊन पोचली आहेत. या नव्या विद्येमुळे उद्याचे दिवस कसे असतील, हा प्रश्न सर्वांच्याच ओठी आहे. भविष्य वर्तविण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु मागील वाट नीट पाहिली तर पुढच्या वळणाचा काही अदमास बांधता येतो, एवढ्याच विश्वासाने हे लेखन केले आहे.

तंजावरचा वारसा

तमिळभूमीत मराठी भाषा आगगाडीबरोबर आली नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर हस्तगत केले आणि पुढे सुमारे १८० वर्षे तेथे भोसले घराणे नांदले. दरबारचा कारभार मराठीत चाले व दप्तर मोडीत लिहिले जाई. या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्याव्यासंगी पुरुष म्हणून विख्यात आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव मुख्यतः त्यांच्या हाताने वाढले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांची दोन कृत्ये लक्षणीय आहेत. इ.स. १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठी भाषेत बृहदीश्वराच्या मंदिरावर कोरविला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच त्यांनी आपल्या राजधानीत देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालू केला आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने तेथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपले पहिले पंचांग छापले ते १८३१ मध्ये. म्हणजे तमिळभूमीतील हे मराठी मुद्रण त्याच्या दोन तपे आधीचे. जुन्यातले जुने साधन आणि नव्यातले नवे साधन एकाच राजाने एकाच वेळी हाताळले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. दगड एका जागी राहतो आणि पुष्कळ काळ टिकतो. छापील पुस्तक दूरवर जाते, पण जीर्ण होते. दोहोंची गरज त्यांनी ओळखली होती.

त्याच तंजावरात या गोष्टीची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. दरबारचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आजही जतन केलेले आहेत. कागद आहेत, शाई आहे. अक्षर ओळखणारे डोळे मात्र फार थोडे उरले. साधन टिकले म्हणजे मजकूर टिकला असे होत नाही. वाचणारा टिकावा लागतो. हे सूत्र या लेखात पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे, म्हणून ते येथेच नोंदवून ठेवतो.

तार, आगगाडी आणि टपाल

इ.स. १८५५ हे साल दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास यांस जोडणारी विद्युत्‌तार सर्वसामान्य जनतेस खुली झाली. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी हे पुत्राविना निवर्तले व ते राज्य खालसा झाले. दक्षिणेतील मराठी राजसत्ता संपली त्याच वर्षी दक्षिणेतील मराठी माणसाला मुंबईशी काही तासांत बोलण्याचे साधन लाभले. पुढल्याच वर्षी रोयापुरम स्थानकातून दक्षिणेतील पहिली प्रवासी गाडी सुटली आणि १८७१ मध्ये रायचूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला व मद्रास या दोन रेल्वेंचे रूळ एकमेकांस भिडले. पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा हा मार्ग आपल्यापैकी अनेकांना स्तोत्रासारखा पाठ आहे; त्याचा आरंभ तो. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबालाही घरी चार ओळी धाडणे परवडू लागले.

तारेविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण आजच्या अंकीय विद्येचे बीज तिच्यातच आहे. मोर्सच्या लिपीत प्रत्येक अक्षर म्हणजे ठिपके आणि रेषा यांची एक ठराविक जुळणी. तारेतून वीज जाते किंवा जात नाही. जाते ती थोडा वेळ किंवा अधिक वेळ. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून सर्व भाषा उभी करावयाची. आजचा संगणकही अखेर 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांवर चालतो. फरक आहे तो वेगाचा आणि संख्येचा.

तारेत शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे निरोप आखूड झाला. परप्रांतातील घरी तार बहुधा इंग्रजीत येई, आणि तारवाला दारात उभा राहिला की पाकीट फोडण्याआधीच घरातल्या बायकांचा धीर सुटे. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' या चार शब्दांनी किती घरांतील माणसे रात्रीच्या गाडीत बसली असतील याची गणती नाही. शुभकार्याच्या तारांसाठी खात्याने वाक्येच ठरवून दिली होती व त्यांना क्रमांक घातले होते. विवाहास, दिवाळीस, परीक्षेतील यशास एकेक आकडा. पाठविणाराने आकडा सांगावा, घेणाराच्या हाती वाक्य पडावे. भावना आकड्यांत घालून पाठविण्याचा हा प्रकार त्या काळी कोणास विचित्र वाटला नाही. २०१३ च्या जुलै महिन्यात ही तारसेवा बंद झाली, तेव्हा तिने सुमारे १५८ वर्षे लोकांची सेवा केलेली होती.

सहा आकड्यांचे गाव

अंकीय युगाचा पहिला स्पर्श आपल्या घरांना संगणकाने झाला नाही. तो झाला पत्त्याच्या शेवटी लिहावयाच्या सहा आकड्यांनी. देशात एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा, अनेक लिप्या. पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यास हे सर्व ठाऊक असावे तरी कसे? यावर पिनकोडची योजना सिद्ध केली ती टपाल व तार मंडळातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील केळशीचे हे सुपुत्र संस्कृतचे व्युत्पन्न कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी योजना अमलात आली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन त्या त्या टपाल कचेरीचे. महाराष्ट्राच्या वाट्यास ४ आला, तमिळनाडूच्या वाट्यास ६. गंमत अशी की गिरगावचा क्रमांक ४००००४ आणि मैलापूरचा ६००००४. एका आकड्याचा काय तो भेद! गिरगावातून मैलापुरात बिऱ्हाड हलविलेल्या कुटुंबाने याला शुभशकुन मानले तर त्यात नवल नाही.

वेलणकरांच्या योजनेचे मर्म असे की तिने पत्त्याला भाषेच्या बंधनातून सोडविले. पत्ता मराठीत असो वा तमिळमध्ये, आकडे सर्वांना वाचता येत. पुण्याच्या आजीने देवनागरीत लिहिलेले पत्र मद्रासच्या पोस्टमनने बिनचूक आणून द्यावे, हे आता योगायोगावर अवलंबून राहिले नाही. आकडा हा भाषेचा शत्रू असलाच पाहिजे असे नाही. योग्य जागी बसविला तर तो भाषेचा सेवक होतो, हा धडा आपणांस एका संस्कृत कवीने दिला.

यंत्रगणकाचे आगमन

भारतात घडविलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झाला. त्याचे नाव टिफ्रॅक. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती अवघी २०४८ शब्दांची. आजच्या साध्या भ्रमणध्वनीची स्मृती तिच्या लाखो पट भरते. या यंत्राच्या निर्मितीचे नेतृत्व केले ते रंगस्वामी नरसिंहन यांनी. त्यांचा जन्म मद्रासचा आणि शिक्षण येथल्याच गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. मद्रासच्या पुत्राने मुंबईस संगणक दिला आणि कोकणच्या पुत्राने मद्रासच्या पत्त्यास आकडे दिले, ही देवघेव दोन्ही प्रांतांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

मद्रासमध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७३ साली जर्मन साहाय्याने आयबीएम ३७०/१५५ हा बलाढ्य संगणक बसविण्यात आला. त्यासाठी स्वतंत्र वातानुकूलित दालन लागे. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि उत्तरासाठी पुन्हा यावयाचे, असा त्याचा दरबारी थाट होता. त्या काळी संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस अशीही भीती होती. आयुर्विमा महामंडळाने साठीच्या दशकात संगणक आणू म्हणताच कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला होता. ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती. कारकुनीचे स्वरूप खरोखरच पालटले. परंतु ज्या पिढीने भीती बाळगली तिच्याच मुलांनी पुढे या यंत्रावर उपजीविका केली, आणि पुण्या-नागपुराकडील शेकडो तरुण चेन्नईस आले तेही त्याच्याच ओढीने.

सामान्य कुटुंबाला संगणकाची उपयुक्तता पटली ती रेल्वेच्या खिडकीवर. मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी जाण्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहावे, जाण्याचे तिकीट मिळावे आणि परतीच्या आरक्षणासाठी गावोगाव तारा धाडून उत्तराची वाट पाहावी, ही रीत होती. १९८५-८६ मध्ये दिल्लीत आरक्षण संगणकावर गेले व लवकरच मुंबई-मद्रासही त्या पद्धतीत आले. १९९९ मध्ये देशभरची आरक्षण केंद्रे एकमेकांस जोडली गेली आणि २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. गाडी तीच, अंतर तेच. पण परतीच्या तिकिटाची चिंता मनातून गेली आणि माहेरचे चार दिवस निवांत झाले.

दूरध्वनीची कथा अशीच. मद्रासला दूरध्वनी १८८२ च्या सुमारासच आला होता, पण परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास थांबावे लागे. चालक भगिनीची मदत न घेता थेट परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय भारतात प्रथम १९६० च्या नोव्हेंबरात कानपूर-लखनौ यांच्यात झाली. पुढे ती मोठ्या शहरांत पसरली. मद्रासचा ०४४, मुंबईचा ०२२, पुण्याचा त्या वेळचा ०२१२ हे आकडे मुलांच्या तोंडी पाढ्यांसारखे बसले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय हवामानास साजेशी अंकीय विनिमय यंत्रे बनविली, आणि गल्लोगल्ली पिवळ्या फलकांचे सार्वजनिक दूरध्वनी उभे राहिले. रात्री उशिरा दर उतरत म्हणून जेवणे आटोपल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे तेथे रांग लावीत. काचेच्या खोपटात एकाने बोलावे, बाकीच्यांनी तांबड्या आकड्यांकडे पाहावे आणि रक्कम ठरलेल्या मर्यादेशी आली की खुणावावे. आईचा आवाज दर आठवड्यास ऐकू येऊ लागला. त्याच प्रमाणात तिची पत्रे येणे थांबले. आवाजाचा लाभ एवढा मोठा होता की पत्राची हानी त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही.

लिपीचा प्रश्न

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आरंभीच्या शहरांत मुंबईबरोबर मद्रासही होते. त्याच वर्षाच्या ३१ जुलैस देशातील पहिले भ्रमणध्वनीवरील संभाषण झाले होते. पुढल्या वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे आता क्षणार्धात येऊ लागली. मात्र ती रोमन लिपीत. यंत्राला मराठी अक्षर येत नव्हते. एम, ए, एल, ए या चार रोमन अक्षरांत 'मला', 'माला', 'माळा' आणि 'मळा' हे चारही शब्द सामावतात. कोणता घ्यावयाचा हे वाचणाराने ताडावे! पत्राला उत्तर मिळे, पण ऱ्हस्वदीर्घ, ळ आणि ण यांचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

या संकटातून भारतीय भाषांना सोडविण्याचे काम आधीपासून चालू होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले संशोधन मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत पुढे नेले. त्यामागची कल्पना अशी की ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांची वर्णमाला एकच. मग प्रत्येक वर्णास सर्व लिप्यांत एकच जागा का असू नये? म्हणून इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीने मराठी 'क' उमटतो त्याच कळीने तमिळ 'क' उमटतो. जगातील सर्व लिप्यांसाठी १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीनेही भारतीय लिप्यांकरिता हीच मांडणी उचलली. तीत देवनागरी 'क' पासून तमिळ 'क' बरोबर ६४० घरांवर आहे, देवनागरी 'म' पासून तमिळ 'म' तितक्याच घरांवर, आणि हिंदीस अपरिचित पण आपणा दोघांस प्रिय असा 'ळ' देखील तितक्याच घरांवर.

या कोष्टकात एक मौज दडलेली आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद मराठी माणूस जाणतो. एक विद्या देतो, दुसरा जेवण रांधतो. हा दुसऱ्या शब्दातील अर्धा 'र' संगणकावर उमटविण्यासाठी नुक्ता असलेले 'ऱ' हे अक्षर वापरतात. युनिकोडच्या तक्त्यात या अक्षरापुढे टीप आहे की ते द्राविडी भाषांतील कठोर 'र' दाखविण्यासाठी असून त्याच्याच अर्ध्या रूपाने मराठीतील हा 'र' लिहावा. त्याच्या समोरच्या घरात तमिळचा कठोर 'र' बसलेला आहे. अर्थात 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' हे शब्द लिहिताना प्रत्येक मराठी माणूस नकळत तमिळच्या शेजारच्या घराची कडी वाजवीत असतो. साडेतीनशे वर्षे शेजारी राहिलेल्या दोन भाषांना यंत्राच्या पोटातही शेजारच मिळावा, याहून सुंदर योगायोग कोणता?

तमिळ जनांनीही याच काळात आपल्या लिपीसाठी फार जागरूकतेने काम केले. १९९९ च्या फेब्रुवारीत चेन्नईत भरलेल्या तमिळनेट परिषदेने कळफलक व संकेत यांचा निर्णय केला. भाषेचे प्रेम केवळ व्यासपीठावर न ठेवता ते कळफलकापर्यंत नेण्याची ही दृष्टी आपण यजमानांपासून शिकावी अशी आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीस स्थान मिळाले, आणि दक्षिणेतील ग्रंथ लिपीसही त्याच आवृत्तीत मिळाले. सरस्वती महालात जवळजवळ राहिलेल्या या दोन लिप्या नव्या युगात एकाच दाराने प्रविष्ट झाल्या.

आजचा दिवस

गेल्या दहा वर्षांतील बदल वाचकांच्या डोळ्यांसमोरचे आहेत, म्हणून त्यांविषयी थोडक्यात लिहितो. सौकारपेठेत सोन्याचांदीची गलाई करणारे सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातील आपले बांधव घरी पैसे धाडीत ते मनीऑर्डरने. तिच्या तळाशी चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे आणि ती कधी कोरी जात नसे. २०१६ मध्ये युपीआयची पद्धत आली. आता पैसे पापणी लवते न लवते तोच गावच्या खात्यात पोचतात. त्या चार ओळी मात्र कोणी लिहीत नाही.

२०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला तेव्हा पडद्यावरील भेट हाच एक आधार उरला. अनेकांनी आरती पडद्यावर केली, आणि अनेकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही पडद्यावरच घ्यावे लागले. तारेने निदान गाडीत बसण्याची आज्ञा तरी दिली होती. येथे सर्व दिसत होते आणि जाता येत नव्हते. यंत्र जवळीक दाखविते, ती देतेच असे नाही, हे त्या दिवसांनी फार कठोरपणे शिकविले.

दुसरीही एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पोलीस किंवा न्यायालयाचा बनाव करून पडद्यावरून वृद्धांस धमकावणे व त्यांची पुंजी लुबाडणे हे प्रकार अलीकडे फार वाढले आहेत. मुले दूर असलेली वृद्ध दांपत्ये, मग ती पुण्यात असोत वा अड्यारमध्ये, या सापळ्यात सापडतात. कायद्यात पडद्यावरून अटक करण्याची तरतूद नाही, हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगितले पाहिजे.

बोलणारी यंत्रे

आता अगदी नव्या वळणाकडे येऊ. आपल्या वस्तीपासून थोड्याच मैलांवर, त्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जेथे १९७३ साली तो अवाढव्य संगणक बसला होता, 'एआयफॉरभारत' या नावाने भारतीय भाषांचे संशोधन चालते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत परस्पर भाषांतर करणारी यंत्रप्रणाली त्यांनी २०२३ मध्ये सर्वांस खुली केली. मराठी आणि तमिळ दोन्ही तीत आहेत. अशा यंत्रांस व्याकरण शिकवावे लागत नाही. त्यांच्यापुढे लक्षावधी वाक्यांचा ढीग ठेवतात आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती त्यातून शोधून काढतात. बोलणे ऐकून लिहून घेणारी, लिहिलेले वाचून दाखविणारी यंत्रेही याच मार्गाने घडतात.

याचा नित्याच्या जीवनावर होणारा परिणाम कल्पनेत आणणे कठीण नाही. भाजीवालीशी तमिळमध्ये बोलता न येणाऱ्या नव्या सुनेस यंत्र दुभाष्याचे काम करील. रुग्णालयात वैद्य तमिळमध्ये बोलतील आणि सासूबाईंस ते मराठीत ऐकू येईल. दृष्टी गेलेल्या आजोबांस मुलाचे पत्र वाचून दाखविले जाईल. हे लाभ खरे आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु दोन गोष्टींचा विचार आजच व्हावयास हवा. पहिली अशी की यंत्र वाचून दाखवू लागले म्हणजे लिपी शिकण्याची निकड उरत नाही. येथे वाढलेली आपली मुले मराठी बोलतात. देवनागरी वाचताना अडखळतात. उद्या ती म्हणतील की वाचून दाखविणारे यंत्र आहे, मग अक्षर शिकावे कशाला? तंजावरच्या मोडी रुमालांची जी गत झाली तीच मग आजीच्या पत्रांची होईल. कागद असतील, वाचणारा नसेल; आणि आजीच्या वळणदार हस्ताक्षरातील, तिच्या बोलीतील पत्र यंत्र बिनचूक वाचील याची हमी कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्रास तेच येते जे त्यास कोणी दिलेले असते. पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांची मराठी त्यास भरपूर मिळते. तमिळ वळणाने बोलली जाणारी, जुने शब्द जपणारी तंजावरी मराठी त्यास कोठून मिळणार? ती मुख्यतः घरांत बोलली गेली, क्वचितच छापली गेली. ती बोलणारी पिढी वृद्ध होत आहे. जे नोंदले गेले नाही ते यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. शिलालेखाने मौन पाळले तरी तो दिसतो. न नोंदलेली बोली मागे काहीच ठेवीत नाही.

आपल्या हाती काय आहे

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ज्या भ्रमणध्वनीविषयी आपण तक्रार करतो त्यातच ध्वनी आणि चित्र नोंदविण्याची सोय आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सर्वांत वडील माणसास तासभर बोलते करावे. लग्नातील गाणी, स्वयंपाकातील शब्द, मद्रासला येण्याची हकीकत, जे त्यांना सांगावेसे वाटेल ते नोंदवावे, आणि कोण, कोठले, केव्हाचे हे त्याबरोबर लिहून ठेवावे. पेटीतील जुन्या पत्रांची छायाचित्रे काढावीत, पण मूळ पत्रे टाकून देऊ नयेत. यंत्रे दर पाचदहा वर्षांनी बदलतात आणि कालची तबकडी आजच्या यंत्रात चालत नाही. मंडळाने या नोंदी एकत्र ठेवण्याची जबाबदारी घ्यावी व ज्यांची संमती असेल त्यांच्याच नोंदी अभ्यासकांस द्याव्यात. आणि रविवारी मुलांचा देवनागरीचा वर्ग चालवावा. त्यात प्रत्येक मुलाने महिन्यातून एक पत्र स्वतःच्या हाताने लिहून आजीआजोबांस टपालाने पाठवावे. पिनकोड घालावयास विसरू नये.

तमिळला २००४ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा प्राप्त झाला. दर्जा शासन देते. भाषा घर राखते. सरफोजीराजांनी दगड आणि खिळे दोन्ही वापरले, वेलणकरांनी आकड्यास भाषेच्या सेवेस लावले, तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रास अक्षर शिकविले. त्यांच्यापैकी कोणी नव्या साधनास भ्याले नाही, आणि साधन आले म्हणून आपले काम संपले असेही कोणी मानले नाही. मंडळाच्या शताब्दीची स्मरणिका कागदावर निघेल की अन्य कशावर, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ती मराठीत निघावी आणि ती वाचणारी मुले त्या वेळी या नगरीत असावीत, एवढीच आमची इच्छा आहे. आणि ती पुरी करणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.